मोठ्या आतड्याचा कर्करोग: रिपोर्टमधली प्रथिनं पुढचं किती सांगतात?

सूक्ष्मदर्शी

केमोच्या धाग्यावर सीईए या रक्तात मोजायच्या प्रथिनावरून वाद इतका रंगला की मूळ विषय बाजूलाच पडला, म्हणून हा वेगळा धागा. मी पॅथॉलॉजीत आहे, आतड्याच्या गाठींचे तुकडे रोज मायक्रोस्कोपखाली येतात. औषध ठरवणं माझं काम नाही. तेव्हा 'माझ्या रिपोर्टचं आता काय करू' हे इथे कुणालाच विचारू नका, ते तुमच्या ऑन्कॉलॉजिस्टना विचारा. त्यांना नेमकं काय विचारायचं एवढं जरी इथे कळलं तरी पुष्कळ झालं.

मोठं आतडं आणि गुदाशय यांच्या कर्करोगात 'अमुक प्रथिन जास्त असेल तर आजार लवकर उलटतो' असे शोधनिबंध ढिगाने निघालेत. त्यातली रोजच्या रिपोर्टवर पोचलेली प्रथिनं फार थोडी. माझं मत आधीच सांगून टाकते: ज्या प्रथिनाच्या निकालाने पुढची कृती बदलत नाही ते कितीही अचूक असो, रुग्णाला त्याचा उपयोग नाही.

प्रथिन दोन तऱ्हेने पुढचं सांगू शकतं. एक, उपचार कोणताही असला तरी आजार साधारण कुठल्या दिशेने जाईल. दुसरं, ठरावीक औषध या गाठीवर चालेल की नाही. पहिली यादी लांबलचक आहे. दुसरी अगदी आखूड, आणि उपचार करणाऱ्याला खरी गरज असते ती दुसरीची.

सीईएपासूनच सुरू करू. १९६५मध्ये मॉन्ट्रियलला फिल गोल्ड आणि सॅम्युअल फ्रीडमन यांनी आतड्याच्या गाठीत असं एक प्रथिन दाखवलं, जे निरोगी आतड्यात त्यांना सापडत नव्हतं, पण गर्भाच्या आतड्यात मात्र होतं. सगळ्यांना वाटलं, झालं, रक्तातून कर्करोग पकडायची चाचणी मिळाली. तसं घडलं नाही. लहान, सुरुवातीच्या गाठी बहुतेक वेळा रक्तात पुरेसं सीईए सोडतच नाहीत. उलट धूम्रपान, यकृताचे आजार, आतड्याची जुनी सूज, स्वादुपिंडाचा दाह, फुप्फुसांचे जुने विकार यांत कर्करोग नसतानाही ते वाढतं. म्हणून काही त्रास नसलेल्या माणसाने हौसेने सीईए करून घेऊ नये. नॉर्मल आलं तर खोटा दिलासा, वाढलेलं आलं तर खोटी भीती.

निदान झाल्यावर मात्र त्याला अर्थ येतो. ऑपरेशनआधी ते ५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर असेल तर आजार परतण्याची शक्यता थोडी जास्त धरतात. गाठ पूर्ण निघाली असेल तर साधारण चार ते सहा आठवड्यांत आकडा खाली येतो. आणि हा ऑपरेशननंतरचा आकडाच जास्त बोलका आहे. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमधला हजाराहून अधिक रुग्णांचा एक अभ्यास २०१८मध्ये आला. आधी वाढलेलं पण नंतर नॉर्मल झालेलं सीईए ज्यांचं होतं, त्यांची वाटचाल पहिल्यापासून नॉर्मल असलेल्यांच्या जवळपास जाणारी निघाली. ज्यांचं ऑपरेशननंतरही खाली आलं नाही त्यांचा आजार जास्त प्रमाणात परतला. तेव्हा ऑपरेशनआधीचा मोठा आकडा बघून हाय खाल्ली असेल, तर नंतरचा रिपोर्ट येईपर्यंत थांबा.

एमएमआर, म्हणजे डीएनएतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या प्रथिनांबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहिते, त्याला जागा लागेल.

वाचनवेडी

वाचतेय. लवकर लिहा.

सांजवेळ

ताई, अगदी वेळेवर धागा काढलात. माझ्या दादाचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं, स्टेज तीन होती. सीईए आतापर्यंत अडीच-तीनच्या आसपास असायचं, या वेळी ६.१ आलंय. घरात कुणाला झोप नाही. तो काही बोलत नाही, पण मोबाईलवर काय शोधतो ते मला दिसतं. त्याने ऑपरेशननंतर सिगारेट सोडली होती, ती मधूनमधून परत सुरू झाली आहे असा मला संशय आहे. त्याने एवढा फरक पडतो का?

सूक्ष्मदर्शी

सांजवेळ, धूम्रपानाने पडू शकतो. काही प्रयोगशाळा न ओढणाऱ्यांसाठी कमाल मर्यादा अडीच किंवा तीन आणि ओढणाऱ्यांसाठी पाच अशी वेगळीच देतात. पण 'सिगारेटमुळेच असेल' असं घरच्या घरी ठरवून गप्प बसू नका. डॉक्टरांना सिगारेटचं खरं सांगायला दादाला तयार करा, नाहीतर त्यांचाही अंदाज चुकेल.

बाकी विचारायच्या गोष्टी अशा. या वेळची चाचणी नेहमीच्याच प्रयोगशाळेत झाली का? सीईए मोजायची यंत्रं आणि किट वेगवेगळ्या कंपन्यांची असतात, आणि एकाच रक्ताचा आकडा दोन यंत्रांवर वेगळा येऊ शकतो. तीनवरून सहा हा फरक यंत्र बदलल्याने दिसतोय की खरंच वाढ आहे, हे त्याच प्रयोगशाळेत पुन्हा तपासल्याशिवाय कळणार नाही. मध्यंतरी यकृताची काही तक्रार, कावीळ, छातीचा संसर्ग झाला होता का? केमो अजून चालू आहे का? ऑक्सॅलिप्लॅटिनवाल्या केमोच्या पहिल्या काही आठवड्यांत काहींचं सीईए तात्पुरतं चढून उतरतं, त्यात घाबरण्यासारखं नसतं.

एकुलत्या एका आकड्यावर कुणीच निर्णय घेत नाही. पुन्हा तपासून तो चढतच राहिला, तर सीटी स्कॅन वगैरे पुढचं.

आणि एक, केसा-नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या कुणी घेत असेल तर रक्त देताना सांगावं. काही यंत्रांवर बायोटिनमुळे सीईए प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतं, म्हणजे गडबड उलट दिशेने.

खडूस

धाग्याला शुभेच्छा, पण मी विरुद्ध बाजूने बोलणार. ताई, तुमचाच नियम लावू: कृती बदलत नसेल तर उपयोग नाही. मग ऑपरेशननंतर वर्षानुवर्षं दर तीन महिन्यांनी सीईए कशाला? ब्रिटनमध्ये 'फॅक्स' नावाची चाचणी झाली, १२०२ रुग्ण, निकाल २०१४मध्ये. नियमित सीईए किंवा नियमित सीटी केलेल्यांत एकूण मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही. २०१८मध्ये 'कोलोफॉल' आली, अडीच हजार रुग्ण. एका गटाचं स्कॅन आणि सीईए वारंवार, दुसऱ्याचं तीन वर्षांत फक्त दोनदा. मृत्यूदरात फरक नाही. दर तीन महिन्यांनी अख्ख्या घराचा जीव टांगणीला लावायचा, तो का?

शल्यकर्मी

खडूसराव, आकडे बरोबर आहेत, पण फॅक्सचं अर्धंच सांगितलंत. त्या चाचणीचा मुख्य प्रश्न 'किती जगले' हा नव्हता, 'आजार परतल्यावर बरं करण्याच्या उद्देशाने ऑपरेशन किती जणांचं होऊ शकलं' हा होता. ज्यांची तपासणी फक्त लक्षणं दिसल्यावर झाली त्यांच्यात हे प्रमाण २.३ टक्के. सीईए गटात ६.७, सीटी गटात ८, दोन्ही केलेल्यांत ६.६. म्हणजे सीईएने ऑपरेशनची संधी वाढली. दोन्ही एकत्र करून जास्तीचं काही पदरात पडलं नाही, हेही तितकंच खरं.

मी सर्जन आहे. आतड्याचा कर्करोग परतताना बरेचदा आधी यकृतात दिसतो, आणि यकृतातली एक-दोन ठिकाणं वेळेवर कापून काढली तर काही रुग्ण पुढे कायमचे मोकळे राहतात. ती वेळ साधायला सीईए मदत करतं. पण मग उपसिद्धान्त असा निघतो, आणि इथे मी तुमच्या बाजूला आहे: ज्या रुग्णाची तब्येत दुसरं मोठं ऑपरेशन किंवा केमो झेपणारी नाहीच, त्याचं सीईए करत राहणं म्हणजे नुसता छळ. पंचाऐंशी वर्षांच्या, हृदय थकलेल्या आजोबांच्या फाईलमध्ये असे रिपोर्ट मी बघतो तेव्हा ते लिहून देणाऱ्याचा राग येतो.

गणिती_किडा

आकडे निघालेच आहेत तर थोडा हिशोब. २०१५च्या कॉक्रेन आढाव्यात बावन्न अभ्यास एकत्र केले होते. ५ ही मर्यादा धरली तर आजार परतलेल्यांपैकी ७१ टक्के पकडले जातात, आणि न परतलेल्यांपैकी ८८ टक्के नॉर्मल येतात. मर्यादा १० केली तर ६८ आणि ९७.

समजा एका वेळी हजार जणांची चाचणी केली आणि त्यातल्या वीस जणांचा आजार खरोखर परतलेला आहे.

मर्यादा ५: वीसपैकी १४ सापडले, ६ सुटले. उरलेल्या ९८० पैकी जवळपास ११८ जणांना उगाच धक्का. म्हणजे 'वाढलंय' असा रिपोर्ट आलेल्या १३२ जणांत खरोखर आजार परतलेले १४. नऊ-दहांतला एक.

मर्यादा १०: सापडले तरीही १४च्या आसपासच, पण खोटे धक्के फक्त २९. साधारण तिघांत एक खरा.

सांजवेळ, दादाचं ६.१ या पहिल्या गटात बसतं. हा हिशोब सगळ्या स्टेज मिसळून केलेला आहे, स्टेज तीनला परतण्याची शक्यता मुळात जास्त असते, आणि दादाचा आधीचा आकडा तीनच होता हाही मुद्दा सोडून चालणार नाही. तरी 'पाचच्या वर म्हणजे परतलाच' हे गणितात बसत नाही. आणि खडूस, या हिशोबातले ते ६ सुटलेलेही लक्षात घ्या. सीईए नॉर्मल आहे म्हणून नवीन दुखणं, घटणारं वजन, शौचातून रक्त याकडे दुर्लक्ष केलं तर तेच अंगाशी येतं. काहींच्या गाठी सीईए बनवतच नाहीत.

सांजवेळ

गणिती, हे वाचून दादाला दाखवलं. तो तुमच्या हिशोबातली चूक शोधत बसलाय, म्हणजे जरा बरा आहे. पुढच्या आठवड्यात त्याच प्रयोगशाळेत पुन्हा रक्त देणार. सिगारेटचं डॉक्टरांना सांगायचं त्याने कबूल केलं.

सूक्ष्मदर्शी

छान. आता एमएमआर.

पेशीची विभागणी होताना डीएनएची नक्कल करताना बारीक चुका होतात. त्या दुरुस्त करणारी प्रथिनं म्हणजे एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२ आणि एमएसएच६. गाठीच्या पातळ कापावर अँटीबॉडीने रंग चढवून ही चारही आहेत की नाहीत ते आम्ही बघतो. केंद्रक तपकिरी झालं तर प्रथिन आहे, निळं राहिलं तर गेलंय. शेजारच्या निरोगी ग्रंथी आणि लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी तपकिरी झालेच पाहिजेत. तेही निळेच असतील तर दोष रंगवण्यात किंवा नमुना टिकवणाऱ्या फॉर्मॅलिन द्रवात तो उशिरा पडण्यात आहे, आणि असा काप मी रिपोर्ट न करता परत पाठवते.

सगळ्या आतड्याच्या कर्करोगांत साधारण १५ टक्के गाठींमध्ये यातलं काहीतरी हरवलेलं असतं. आजार दूरवर पसरलेल्या रुग्णांत हे प्रमाण ४-५ टक्क्यांवर येतं. या फरकातच एक उत्तर दडलंय: अशा गाठी सहसा कमी पसरतात. दुरुस्ती बंद पडल्यामुळे गाठीत इतके बदल साचतात की रोगप्रतिकारक पेशींना ती परकी वाटायला लागते, आणि त्या तिच्यावर तुटून पडतात.

आता माझा नियम लावून बघा. स्टेज दोन आणि एमएमआर हरवलेलं: आजार परतण्याची शक्यता कमी, आणि नुसत्या ५-फ्लुरोयुरॅसिलच्या केमोचा फायदा दिसत नाही. २००३ आणि २०१०च्या अभ्यासांनी हे पुढे आणलं. म्हणजे त्या रुग्णाची केमो वाचते. आजार पसरलेला आणि एमएमआर हरवलेलं: 'कीनोट-१७७' चाचणीत, २०२०मध्ये, पेम्ब्रोलिझुमॅब (रोगप्रतिकारक पेशींना मोकळं सोडणारं, इम्युनोथेरपीचं औषध) घेतलेल्यांत आजार वाढेपर्यंतचा मध्यक काळ १६.५ महिने आणि केमोवर ८.२ महिने. गुदाशयाच्या, अजून न पसरलेल्या अशा गाठींवर त्याच जातीचं डोस्टार्लिमॅब देऊन बघितलं, तर २०२२च्या अहवालात उपचार पूर्ण केलेल्या बाराच्या बारा रुग्णांत तपासणीला गाठ उरलेली दिसली नाही. बारा हा छोटा आकडा आहे हे मान्य, पण बारापैकी बारा मी तोवर वाचलं नव्हतं.

आणि चौथी गोष्ट, जी रुग्णापुरती राहत नाही. एमएसएच२ किंवा एमएसएच६ हरवलं असेल तर लिंच सिंड्रोम, म्हणजे घराण्यात चालत आलेला दोष, आहे का ते तपासावं लागतं, आणि भावंडं-मुलांनाही त्यात घ्यावं लागतं. एमएलएच१ हरवलेलं असेल तर आधी बीआरएएफ जनुकातला व्ही६००ई बदल किंवा एमएलएच१च्या जनुकावरचं मेथिलेशन (जनुक बंद पाडणारी रासायनिक खूण) बघतात. ते सापडलं तर बहुधा दोष वयानुसार आलेला, घराण्यातला नाही.

रिपोर्टवर एमएलएच१ आणि पीएमएस२ दोन्ही 'लॉस' लिहिलेलं बघून 'दोन-दोन बिघाड' म्हणून रडणारे नातेवाईक मला भेटलेत. ही प्रथिनं जोडीने राहतात. एमएलएच१ गेलं की पीएमएस२ला आधार उरत नाही आणि तेही नाहीसं होतं. बिघाड एकच.

खडूस

हे पटलं. म्हणजे चक्क पटलं. पण बाराच्या बाराबद्दल एवढा उत्साह, आणि तुमच्या त्या कीनोटमध्ये पहिल्याच स्कॅनला आजार वाढलेला दिसलेले रुग्ण पेम्ब्रोलिझुमॅब गटात २९ टक्के होते आणि केमो गटात १२, हे लिहिलं नाहीत. सगळ्यात चांगल्या खुणेचीही ही गत.

सूक्ष्मदर्शी

हो, आणि ते कुणाचं होतं आणि का, याचं उत्तर देणारं प्रथिन अजून कुणाच्या हाताला लागलेलं नाही. सुरुवातीचे काही महिने केमोचा आलेख वर असतो, नंतर दोन्ही एकमेकांना छेदतात आणि इम्युनोथेरपीचा वर जातो. सल्ला देणाऱ्याने हे रुग्णाला आधी सांगायला हवं.

वाचनवेडी

माझ्या आत्याच्या जुन्या रिपोर्टवर 'इजीएफआर पॉझिटिव्ह' असं आहे. त्यावरून ते सेटुक्सिमॅब नावाचं इंजेक्शन चालेल ना? नाव तेच आहे की, इजीएफआरवरचं औषध.

सूक्ष्मदर्शी

वाचनवेडी, या प्रश्नासाठी खरं तर वेगळा धागा काढायला हवा, कारण प्रथिनांच्या खुणांबद्दल जे शिकायचं ते सगळं या एका गोष्टीत आहे.

सेटुक्सिमॅब पेशीच्या पृष्ठभागावरच्या इजीएफआर या प्रथिनाला चिकटून त्याचं काम थांबवतं. मग ज्या गाठीवर इजीएफआर आहे तिथेच ते चालणार, हे इतकं सरळ वाटलं की २००४मध्ये अमेरिकेत औषधाला परवानगी मिळाली तीच 'इजीएफआर असलेल्या गाठींसाठी'. गाठी रंगवल्या जायच्या, पॉझिटिव्ह आली तरच औषध. पण त्याच वर्षीच्या मोठ्या चाचणीत रंग किती गडद आणि औषध किती लागू पडलं यांचा मेळच बसला नाही. पाठोपाठ इजीएफआर निगेटिव्ह गाठीही औषधाने आक्रसल्याचे अहवाल आले.

खरं कारण एक पायरी खाली होतं. इजीएफआर संदेश देतं तो केआरएएससारख्या आतल्या प्रथिनांमार्फत. केआरएएसच्या जनुकात विशिष्ट बदल झाला असेल तर ते कायम चालू अवस्थेत अडकतं. भिंतीवरचं बटण बंद केलं, पण दिव्याची वायर मागून थेट जोडलेली असेल तर दिवा विझणार कसा? २००८मध्ये हे स्पष्ट झालं, आणि पुढे त्याच कुटुंबातल्या एनआरएएसचीही भर पडली. पसरलेल्या आजारात जवळपास निम्म्या गाठींमध्ये यातला एखादा बदल असतो, आणि त्यांना हे औषध देऊन सहसा फायदा नाही.

तेव्हा आत्याच्या रिपोर्टवरचा इजीएफआरचा रंग सोडून द्या. विचारायचं ते हे: आरएएस (म्हणजे केआरएएस आणि एनआरएएस) आणि बीआरएएफची तपासणी झाली आहे का? गाठ आतड्याच्या डाव्या बाजूची की उजव्या? उजवीकडच्या गाठींवर हे औषध कमी चालतं. आणि एचईआर२? ते मात्र गाठीवर रंगवून बघायचं प्रथिन आहे. पसरलेल्या आजारात थोड्याच टक्के रुग्णांत वाढलेलं सापडतं, पण सापडलं तर आरएएस शाबूत असलेल्यांसाठी ट्रास्टुझुमॅबसोबत टुकॅटिनिब, या एचईआर२ रोखणाऱ्या दोन औषधांचा मार्ग २०२३पासून अमेरिकेत मान्य आहे.

नवखा_संशोधक

मी प्रोटिओमिक्सवर, म्हणजे पेशीतल्या सगळ्या प्रथिनांच्या एकत्र अभ्यासावर पीएचडी करतोय, म्हणून जरा दुसरी बाजू. एकेक प्रथिन अपुरं पडतं हे खरं, पण आता रेणूंच्या वजनावरून त्यांना ओळखणाऱ्या मास स्पेक्ट्रोमेट्रीने एका गाठीतली हजारो प्रथिनं एकदम मोजता येतात. २०१४मध्ये ९५ गाठींवर असं काम झालं. त्यातून प्रथिनांच्या आधारे पाच गट निघाले, आणि जनुकाचा निरोप नेणाऱ्या आरएनएच्या पातळीवरून प्रथिनाची पातळी नीट ओळखता येत नाही हेही दिसलं. म्हणजे नुसतं जनुकांवर भागणार नाही, प्रथिनं स्वतंत्रपणे मोजावीच लागतील. दहा-पंधरा प्रथिनांची जुडी करून अंदाज बांधला तर?

गणिती_किडा

जुडी करायला हरकत नाही, पण शंभर रुग्ण आणि पाच हजार प्रथिनं असतील तर निव्वळ योगायोगाने 'जगण्याशी संबंध' दाखवणारी शेकडो प्रथिनं मिळतात. त्यातली सर्वोत्तम पंधरा उचलली की त्याच शंभर रुग्णांवर ती झकास चालतात. दुसऱ्या शहरातले, दुसऱ्या यंत्रावर मोजलेले रुग्ण आणा आणि मग बघा. मर्यादेचा आकडाही आधी ठरवत नाहीत, निकाल बघून सगळ्यात देखणा आलेख देणारा आकडा निवडतात. हे थांबावं म्हणून तर २००५मध्ये 'रिमार्क' नावाचे अहवाल लिहिण्याचे नियम आले. नियम आले, सवय मात्र पूर्ण गेली नाही.

सूक्ष्मदर्शी

आणि नमुन्याचं काय? गाठ कापून बाहेर आल्यावर फॉर्मॅलिनमध्ये पडेपर्यंत टेबलावर किती वेळ राहिली, यावर काही प्रथिनांची अवस्था बदलते. पी५३ या प्रथिनाचं उदाहरण घ्या. आतड्याच्या गाठीत ते रंगवून पुढचा अंदाज बांधायचे असंख्य प्रयत्न झाले. वेगळी अँटीबॉडी, वेगळी मर्यादा, वेगळ्या स्टेज. निष्कर्ष एकमेकांत बसले नाहीत, आणि आज आतड्याच्या नेहमीच्या रिपोर्टवर उपचार ठरवायला पी५३ कुणी मागत नाही. पेशी किती जोमाने वाढतायत ते दाखवणाऱ्या की-६७चीही तीच कथा.

मधल्या पायरीवर अडकलेलं एक प्रथिन मला मात्र चुटपुट लावतं, ते म्हणजे सीडीएक्स२. आतड्याच्या पेशीला 'आतड्याची' ठेवणारं हे प्रथिन. काही थोड्या गाठींमध्ये ते नसतं, आणि त्यांचा आजार जास्त परततो. २०१६च्या अभ्यासात स्टेज दोनच्या सीडीएक्स२ निगेटिव्ह रुग्णांपैकी केमो घेतलेल्यांत पाच वर्षं आजाराविना राहिलेले ९१ टक्के, न घेतलेल्यांत ५६. डोळे विस्फारतात, हो ना? पण केमो घेतलेले होते २३ आणि न घेतलेले २५, आणि केमो कुणी घ्यायची हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं. नुसती शंका घ्यावी एवढाच पुरावा. रंगवायला सोपं, आमच्याकडे दुसऱ्या कारणासाठी ते रोज रंगवतोच.

शल्यकर्मी

दुसरं एक 'जुडी'चं उदाहरण, जे बरंच पुढे गेलं: इम्युनोस्कोर. गाठीच्या मध्यभागी आणि कडेला सीडी३ आणि सीडी८ प्रथिनं असलेल्या रोगप्रतिकारक टी-पेशी किती, ते संगणकाने मोजायचं. मूळ कल्पना २००६ची, आणि २०१८मध्ये २६८१ रुग्णांवर अनेक देशांत मिळून पडताळली गेली. पेशी जास्त तर आजार परतण्याची शक्यता कमी. गणितींची अट, म्हणजे दुसऱ्या ठिकाणचे रुग्ण, इथे पाळली गेली. तरीही आमच्या उपचार ठरवायच्या बैठकीत ते क्वचितच मागितलं जातं, कारण एमएमआरसारखं औषध हातात देत नाही.

आणि माझं लाडकं प्रथिन कुणी काढलंच नाही: साधं सीआरपी, शरीरात सूज आली की रक्तात वाढणारं. पुढचं म्हणजे फक्त पाच वर्षांनंतरचं नसतं, पुढच्या चार दिवसांचंही असतं. आतडं जोडल्यावर जोड गळतोय का ही आमची सगळ्यात मोठी धास्ती. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी १७२, चौथ्या दिवशी १२४, पाचव्या दिवशी १४४ मिलिग्रॅम प्रति लिटर या मर्यादा २०१४च्या एका एकत्रित आढाव्यात आल्या. त्याखाली असेल तर गळती नसण्याची खात्री ९७ टक्के. वर असेल तर मात्र पाचांतल्या एकाच्याच आसपास खरी गळती. म्हणजे हे 'घरी सोडा' सांगायला उत्तम, 'पोट उघडा' सांगायला नाही. वाढलेलं सीआरपी बघून थेट ऑपरेशनकडे धावू नये, आधी रुग्णाच्या पोटावर हात ठेवावा.

नवखा_संशोधक

सीआरपी आणि अल्ब्युमिन (रक्तातलं आणखी एक प्रथिन) मिळून ग्लासगो स्कोर होतो तो हाच ना?

शल्यकर्मी

सुधारित ग्लासगो स्कोर. सीआरपी १०च्या वर असेल तर एक गुण, आणि सोबत अल्ब्युमिन ३५ ग्रॅम प्रति लिटरच्या खाली असेल तर दोन. दोन गुणवाल्यांची वाटचाल वाईट. शरीरभर सूज आहे, स्नायू झिजतायत, असं ते सांगतं. औषध निवडून देत नाही, पण रुग्णाचं खाणं-पिणं आणि ताकद यांकडे आधी बघा असं बजावतं. मी तेवढ्यावर खूश आहे.

खडूस

आता कुणीतरी सीटीडीएनए काढणारच, तर मीच काढतो. २०२२च्या 'डायनॅमिक' चाचणीत स्टेज दोनचे ४५५ रुग्ण. रक्तात गाठीचा डीएनए सापडला तरच केमो असं केलं, तर केमो घेणारे २८ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आले आणि दोन वर्षांनी आजाराविना असलेले दोन्ही गटांत जवळपास सारखे, ९३.५ आणि ९२.४. चाचणीच्या निकालाने कृती बदलली आणि रुग्णाचं नुकसान झालं नाही, हे चिठ्ठ्या टाकून सिद्ध केलं. प्रथिनवाल्यांनी असं काही करून दाखवावं.

सूक्ष्मदर्शी

मान्य. रक्तातल्या प्रथिनांच्या वाट्याला असा प्रयोग अजून हवा तसा आलेला नाही. पण सीईए कुठल्याही साध्या प्रयोगशाळेत तासाभरात होतं, तेव्हा इतक्यात निवृत्त व्हायचं नाही ते.

सांजवेळ

शेवटचा एक प्रश्न. दादाची गाठ गुदाशयाची होती, ऑपरेशनआधी रेडिएशन आणि केमो दिली होती. ऑपरेशनच्या रिपोर्टवर 'एमएसएच६ अंशतः, फिकट' असं काहीसं लिहिलंय, पुढे काहीच नाही. आम्हा भावंडांना तपासणी लागेल का?

सूक्ष्मदर्शी

सांजवेळ, बरं झालं विचारलंत. रेडिएशन आणि केमोनंतर एमएसएच६चा रंग फिका किंवा ठिपक्याठिपक्यांचा होतो हे आम्हाला माहीत असलेलं प्रकरण आहे. त्याचा अर्थ प्रथिन जन्मतः हरवलंय असा लागत नाही. अशा वेळी उपचारांआधी घेतलेल्या पहिल्या बायोप्सीवर चारही प्रथिनं रंगवून बघायची. तो तुकडा मेणाच्या ब्लॉकमध्ये जपून ठेवलेला असतो. बायोप्सी जिथे तपासली त्या प्रयोगशाळेला नमुना क्रमांक देऊन ब्लॉक मागता येतो, मात्र मागणी ऑन्कॉलॉजिस्टच्या चिठ्ठीवर करा, म्हणजे टाळाटाळ होत नाही. बायोप्सीत एमएसएच६ नीट असेल तर हा मुद्दा बहुतेक तिथेच मिटतो. तिथेही नसेल तर दादाला आधी जनुकीय सल्लागाराकडे न्या. तुमची आणि बाकी भावंडांची तपासणी दादाच्या रक्तात नेमका दोष सापडल्यावरच ठरते, त्याआधी नाही.

सांजवेळ

बायोप्सीचा रिपोर्ट फाईलमध्ये आहे, क्रमांक दिसतोय त्यावर. परवा रक्ताचा निकाल घेऊन जायचंच आहे, तेव्हाच चिठ्ठी मागते.